नेट न्यूट्रॅलिटी गेली की पावती कुणाच्या नावाने फाटते

२ जानेवारी २०२५ ला अमेरिकेत सिनसिनाटीच्या फेडरल अपील कोर्टाने तिथले नेट न्यूट्रॅलिटीचे नियम उडवले. तिकडे राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींनी ही बातमी अंगठ्याने वर सरकवली असणार, कारण दुसऱ्या दिवशी नेट तसंच चालू होतं, नेटफ्लिक्स तसंच चालू होतं, घरी व्हिडिओ कॉल पण लागला. मग नेमकं गेलं काय? खरी गोम इथेच आहे. हे नियम गेले तर एका रात्रीत काही बंद पडत नाही, कुणी तुमच्या दारात वेगळं बिल घेऊन येत नाही, पैसे मागच्या दाराने जायला लागतात आणि तेही अशा ठिकाणी जिथे तुम्ही कधी बघतच नाही, म्हणजे तुमच्या ओटीटीच्या महिन्याच्या वर्गणीत.

आधी ही भानगड काय आहे ते थोडक्यात बघू. समजा तुम्ही एका मोठ्या सोसायटीत राहता, गेट एकच. मेंटेनन्स तुम्ही वेळेवर भरता. किराणा, औषधं, जेवण सगळं त्याच गेटमधून येतं. आता एक दिवस सेक्रेटरी साहेबांनी एका डिलिव्हरी कंपनीला सांगितलं की महिन्याला एवढे द्या, तुमची पोरं सरळ वर जातील, बाकीच्यांना गेटवर नाव लिहा, फोटो काढा, इंटरकॉम लागेपर्यंत थांबा. तुमचं जेवण थंड आलं की तुम्ही हॉटेलवाल्याला शिव्या घालणार, वॉचमनला नाही. हॉटेलवाला शेवटी वैतागून पैसे देणार आणि ते डिलिव्हरी चार्जमध्ये लावून मोकळा होणार. आणि उद्या सेक्रेटरीच्या मेव्हण्याने सोसायटीतच किराणा दुकान टाकलं तर? विचारूच नका. नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे एवढंच की गेट सांभाळणाऱ्याने गेट सांभाळावं, कोण येतंय ते बघून भाव ठरवू नये. यात तुमच्या घरी नेट आणणारी कंपनी म्हणजे गेट, आणि नेटफ्लिक्स, यूट्यूब, झूम, एखादं मराठी मालिकांचं अॅप हे सगळे गेटबाहेर उभे.

हा शब्दप्रयोग रूढ केला टिम वू नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकांनी, २००३ मध्ये. पण भांडण निव्वळ पुस्तकी नव्हतं. २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या मॅडिसन रिव्हर नावाच्या टेलिफोन कंपनीने व्होनेजची इंटरनेट कॉलिंग सेवा चक्क बंद पाडली, कारण उघड आहे, लोक नेटवरून स्वस्तात बोलायला लागले तर हिचे फोन कोण वापरणार. एफसीसीने, म्हणजे तिथल्या टेलिकॉम नियामकाने, १५,००० डॉलर भरायला लावून प्रकरण मिटवलं. २००७ मध्ये कॉमकास्ट ही केबल कंपनी बिटटोरंटच्या, म्हणजे लोक आपसात फायली वाटायची जी सोय आहे तिच्या, फायली गुपचूप अडवत होती ते उघडकीला आलं, असोसिएटेड प्रेसच्या पत्रकारांनी बायबलची फाइल पाठवून बघितली तर तीसुद्धा अडली. म्हणजे चोरीचा सिनेमा अडवतोय ही सबब पण गेली.

नंतर तिथे जे झालं ते खो-खोसारखं आहे, म्हणून पटकन सांगतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये एफसीसीने टॉम व्हीलर अध्यक्ष असताना ३ विरुद्ध २ मतांनी कडक नियम केले, त्यातली तीन कलमं महत्त्वाची: कुठलीही कायदेशीर साइट बंद करायची नाही, मुद्दाम हळू करायची नाही, आणि पैसे घेऊन कुणाला पुढे काढायचं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये अजित पै अध्यक्ष असताना ३ विरुद्ध २ नेच ते काढले. एप्रिल २०२४ मध्ये परत ३ विरुद्ध २ ने आणले. आणि जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने म्हटलं की ब्रॉडबँडला टेलिफोनसारखी सेवा ठरवायचा अधिकारच एफसीसीला नाही, हवं तर संसदेने कायदा करावा. आधी अशा बाबतीत कायद्याचा अर्थ लावताना कोर्ट नियामकाच्या मताला मान द्यायचं, पण जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती पद्धतच मोडीत काढली होती, त्यामुळे हा निकाल तसा अपेक्षित होता. यातली सगळ्यात भन्नाट गोष्ट म्हणजे २०१७ ला लोकांकडून मागवलेल्या सूचना. साधारण २.२ कोटी आल्या, आणि न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलच्या २०२१ च्या अहवालात निघालं की त्यातल्या जवळपास १.८ कोटी बनावट. ८५ लाखांच्या मागे ब्रॉडबँड कंपन्यांनी पैसे देऊन चालवलेली मोहीम होती, आणि ७७ लाख नियमांच्या बाजूने, एका १९ वर्षाच्या कॉलेजच्या पोराने एकट्याने पाठवलेल्या. दोन्हीकडे सावळा गोंधळ.

असो. मुद्दा आपल्या खिशाचा.

२०१७ मध्ये एक फोटो खूप फिरला होता, पोर्तुगालच्या मेओ या टेलिकॉम कंपनीच्या प्लॅनचा. सोशल मीडियाचा एक पॅक, मेसेजिंगचा दुसरा, व्हिडिओचा तिसरा, प्रत्येकी महिन्याला ४.९९ युरो. लोक म्हणाले बघा, नियम गेले की इंटरनेट असं केबल टीव्हीच्या चॅनेल पॅकसारखं विकलं जाणार. अमेरिकन खासदार रो खन्नांनी पण तो ट्विट केला. आता खरं सांगायचं तर तो फोटो थोडा दिशाभूल करणारा होता, कारण ते पॅक मूळ डेटाच्या वर जास्तीचा डेटा द्यायचे, पॅक नाही घेतला म्हणून व्हॉट्सअॅप बंद असं नव्हतं, आणि पोर्तुगाल युरोपियन युनियनमध्ये असल्याने तिथे नेट न्यूट्रॅलिटीचा कायदा तेव्हा होताच. अमेरिकेत नियम गेल्यावर असे उघड पॅक काही आले नाहीत, मग नियमांवर टीका करणाऱ्यांनी लगेच टाळी दिली की बघा, उगाच लांडगा आला रे आला. पण मला वाटतं दोन्ही बाजूंनी चुकीच्या दारावर पहारा ठेवला. गिऱ्हाइकाला दिसेल असा पॅक विकला तर लोक बोंब मारतात, कोर्टात जातात. शहाणी कंपनी ते करणारच नाही. ती पैसे समोरच्या टोकाकडून मागेल.

ते कसं, हे बघायचं तर २०१३-१४ मधलं कॉमकास्ट आणि नेटफ्लिक्सचं प्रकरण जरा जवळून बघायला हवं.

नेटफ्लिक्सचा व्हिडिओ तुमच्या टीव्हीवर येतो तो थेट तार टाकून येत नाही. तेव्हा नेटफ्लिक्स कोजेंटसारख्या मधल्या कंपन्यांना पैसे देऊन डेटा पुढे पाठवायचं, आणि कोजेंटचं नेटवर्क जिथे कॉमकास्टच्या नेटवर्कला जोडलेलं असतं त्या जागी दोन राउटर, मधे ठरावीक क्षमतेची पोर्ट, म्हणजे तारा जोडायच्या जागा. रात्री जेवणं झाली की सगळी जनता टीव्हीसमोर, त्या काळात गर्दीच्या वेळी उत्तर अमेरिकेतल्या डाउनलोड ट्रॅफिकचा जवळपास तिसरा हिस्सा एकट्या नेटफ्लिक्सचा होता. पोर्ट भरली. अशा वेळी नेहमीचा उपाय म्हणजे आणखी पोर्ट जोडणे, आणि कॉमकास्टच्या ताकदीच्या कंपनीला हा खर्च म्हणजे किरकोळ. पण पोर्ट वाढवायची कुणी आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे यावर घोडं अडलं. कॉमकास्टचं म्हणणं, एवढा माल एकतर्फी ओतताय तर पैसे द्या. नेटफ्लिक्सचं म्हणणं, माल आम्ही ओतत नाही, तुमचेच गिऱ्हाईक मागवतात आणि त्यासाठी तुम्हाला दरमहा पैसे देतात.

हे भांडण चालू असताना ऑक्टोबर २०१३ ते जानेवारी २०१४ मध्ये कॉमकास्टच्या घरांत नेटफ्लिक्सचा सरासरी वेग पाव हिश्श्यापेक्षा जास्त पडला. गंमत बघा, कुणी काही ब्लॉक केलं नाही, कुठलं बटण दाबून हळू केलं नाही, फक्त भरलेली पोर्ट तशीच राहिली. घरात बसलेल्या माणसाला काय दिसलं? गोल गोल फिरणारं चक्र. ५० एमबीपीएसचे पैसे भरतोय, बाकी साइट फटाफट उघडतायत, म्हणजे घोळ नेटफ्लिक्सचाच, असं कुणालाही वाटेल. २३ फेब्रुवारी २०१४ ला नेटफ्लिक्सने कॉमकास्टला थेट जोडणीसाठी पैसे द्यायचा करार केला आणि काही आठवड्यांत वेग परत वर. मग व्हेरायझन, एटी अँड टी, टाइम वॉर्नर केबल या बाकीच्या बड्या नेट कंपन्या, त्याच वर्षी सगळ्यांशी ओळीने करार झाले. एकाने वसुली केली की बाकीचे हात पसरणारच.

कागदोपत्री बोलायचं तर एफसीसीने त्याआधी २०१० मध्ये केलेल्या नियमात ही नेटवर्क-ते-नेटवर्क जोडणी येतच नव्हती, आणि ते नियमसुद्धा जानेवारी २०१४ मध्येच कोर्टाने उडवले होते. म्हणून काही तज्ज्ञ म्हणतात हे नेट न्यूट्रॅलिटीचं प्रकरणच नाही. असेल बुवा. पण टीव्हीसमोर बसलेल्याला चक्र कुठल्या कलमाखाली फिरतंय याच्याशी काय घेणं? २०१५ च्या नियमात मात्र एफसीसीने अशा जोडण्यांच्या तक्रारी एकेक करून ऐकायची सोय केली, म्हणजे मुद्दा त्यांनाही पटला होता.

आता वर्गणीचं. मे २०१४ मध्ये नेटफ्लिक्सने नव्या गिऱ्हाइकांसाठी स्टँडर्ड प्लॅन ७.९९ वरून ८.९९ डॉलर केला. हा एक डॉलर कॉमकास्टला दिला असं मी म्हणत नाही, कंपनीने कारण कंटेंटचं दिलं आणि ते खोटं मानायला आधार नाही. जानेवारी २०२५ मध्ये तोच प्लॅन १७.९९ झाला, त्यातसुद्धा मोठा वाटा मालिका-सिनेमांच्या खर्चाचा. पण अडचण हीच आहे की आतला हिशेब कुणालाच दिसत नाही. तुमच्या वर्गणीतले किती सेंट गेटवर गेले हे कुठल्याच पावतीवर छापलेलं नसतं. आणि त्याहून वाईट म्हणजे वर्गणी देशभर एकच असते, त्यामुळे ज्याच्याकडे कॉमकास्ट नाहीच, गावातल्या छोट्या प्रामाणिक कंपनीचं नेट आहे, तो पण कॉमकास्टच्या टोलात आपला वाटा भरतो. कंपनी बदलून सुटका नाही.

हे फार अंदाजपंचे वाटत असेल तर दक्षिण कोरिया बघा, तिथे ही गोष्ट शेवटपर्यंत गेली. २०१६ पासून तिथे नियम असा की एका नेट कंपनीकडून दुसरीकडे जो डेटा जाईल त्याचे पैसे पाठवणाऱ्या कंपनीने द्यायचे. ऐकायला न्याय्य वाटतं ना? पण परिणाम काय झाला की ज्या नेट कंपनीकडे लोकप्रिय साइटचे सर्व्हर, तिच्यावर बाकीच्यांची बिलं यायला लागली, मग ती ते पैसे साइटवाल्यांकडून काढणार. लोकप्रिय होणं हाच गुन्हा. नेटफ्लिक्स आणि एसके ब्रॉडबँड ही तिथली नेट कंपनी वर्षानुवर्षं कोर्टात भांडले, सप्टेंबर २०२३ मध्ये मांडवली झाली. नेटफ्लिक्सला परवडलं, त्याच्याकडे पैसा आणि वकील दोन्ही. पण ट्विचचं बघा. गेम खेळताना लाइव्ह दाखवायचा प्लॅटफॉर्म, अॅमेझॉनच्या मालकीचा, म्हणजे कुणी गरीब गाय नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी खर्च कमी करायला कोरियात व्हिडिओची क्वालिटी ७२०पी वर आणली. मग जुने व्हिडिओ बघायची सोय काढली. तरी भागेना. डिसेंबर २०२३ मध्ये सीईओ डॅन क्लॅन्सींनी जाहीर केलं की कोरियातला नेटवर्कचा खर्च बहुतेक इतर देशांच्या दहापट आहे, आणि २७ फेब्रुवारी २०२४ ला ट्विचने तिथलं दुकान बंद केलं.

आता यात ग्राहकाच्या बाजूने बघा. एखाद्या पोराने आवडत्या स्ट्रीमरची महिन्याची सबस्क्रिप्शन घेतलेली, त्या स्ट्रीमरचं घर त्यावर चालायचं. त्या पोराचं नेटचं बिल एका वॉनने कमी झालं नाही, त्याला मिळालं काय तर आधी धुरकट चित्र, मग जुने व्हिडिओ गायब, मग थेट रामराम. त्याची जागा नेव्हरसारख्या तिथल्याच बड्या कंपनीच्या नव्या सेवेने आणि आधीपासून असलेल्या अफ्रिकाटीव्हीने घेतली. कोरियाकडे जगातलं उत्तम नेटवर्क आहे हो, तारेत काहीच कमी नव्हतं.

मेव्हण्याच्या दुकानाची गोष्ट अमेरिकेत झाली, आणि ती पण नियम असताना-नसताना दोन्ही वेळा. एटी अँड टीने २०१५ मध्ये डायरेक्टीव्ही ही सॅटेलाइट टीव्हीची कंपनी घेतली, नोव्हेंबर २०१६ मध्ये डायरेक्टीव्ही नाऊ ही ऑनलाइन टीव्ही सेवा काढली आणि आपल्या मोबाइल गिऱ्हाइकांना सांगितलं की ही बघितली तर डेटा कापला जाणार नाही. दुसऱ्या कुणाची बघितली तर कापला जाणार. एफसीसीने आक्षेप घेतला, अजित पै आल्यावर फेब्रुवारी २०१७ मध्ये चौकशीच गुंडाळली. मग कंपनीने २०१८ मध्ये टाइम वॉर्नर ही सिनेमा-टीव्हीची कंपनी घेतली (वरची टाइम वॉर्नर केबल वेगळी), म्हणजे एचबीओ आलं, आणि मे २०२० मध्ये एचबीओ मॅक्स सुरू झालं तेव्हा परत तेच. कंपनीचं समर्थन काय तर, यात भेदभाव कुठे, प्रायोजक म्हणून त्या डेटाचे पैसे एचबीओ मॅक्स आम्हाला देतंच की. अहो पण तेही तुमचंच! उजव्या खिशातून डाव्या खिशात. हे थांबलं मार्च २०२१ मध्ये, आणि थांबवलं कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्याने, कारण एका राज्यापुरतं वेगळं करता येत नाही म्हणून कंपनीने सगळीकडेच ती सवलत काढली. त्यावर लोक कॅलिफोर्नियावरच चिडले की आमचं फुकटचं गेलं. फुकटाला माणूस भुलतो आणि त्यावरच हा धंदा चालतो.

कारण हे फुकट तेव्हाच फुकट वाटतं जेव्हा बाकीच्यांवर मर्यादा असते. कॉमकास्टची अमेरिकेच्या बऱ्याच भागात कित्येक वर्षं महिन्याला १.२ टीबीची मर्यादा होती (२०२५ मध्ये नव्या प्लॅन्समधून काढली). १.२ टीबी म्हणजे खूप वाटतं. फोर के व्हिडिओला नेटफ्लिक्सच्याच सांगण्याप्रमाणे तासाला ७ जीबीपर्यंत लागतात, म्हणजे साधारण १७० तास, दिवसाला साडेपाच तासांच्या थोडं वर. घरात दोन टीव्ही, आजी-आजोबा दुपारभर मालिका लावून बसलेले, पोरं रात्री, शिवाय वर्क फ्रॉम होम, गेमचे अपडेट, की संपलं. पुढच्या प्रत्येक ५० जीबीला १० डॉलर, कमाल १०० डॉलर. ५० जीबी म्हणजे फोर के चे सात तास. म्हणजे तुमच्या मराठी मालिकांच्या अॅपची वर्षाची वर्गणी कितीही स्वस्त असू दे, मर्यादा ओलांडली की सात तासांना १० डॉलर त्यावर चढले. आणि याच कॉमकास्टने २०१५ मध्ये स्ट्रीम टीव्ही नावाची स्वतःची सेवा काढली तेव्हा ती त्या वेळच्या डेटा मर्यादेत मोजली जात नव्हती, कारण म्हणे ती इंटरनेटवरून येतच नाही, आमच्या खास नेटवर्कवरून येते. तार तीच, भिंतीतलं भोक तेच.

मोबाइलवर तर आणखी मजा आहे आणि ही मला सगळ्यात जास्त टोचते, कारण यात एकाच चित्रासाठी दोनदा पैसे जातात. ऑगस्ट २०१७ मध्ये व्हेरायझनने आपल्या अनलिमिटेड प्लॅनचे दोन तुकडे केले. एका लाइनला ७५ डॉलरवाल्यात फोनवर व्हिडिओ ४८०पी, ८५ वाल्यात ७२०पी. त्यावरची क्वालिटी हवी तर काही महिन्यांनी आणखी १० डॉलरची सोय केली. आता तुम्ही नेटफ्लिक्सला पैसे भरलेत एचडीचे, नेटफ्लिक्स एचडी द्यायला तयार आहे, तुमच्या फोनला एचडी दिसतं, मधे बसलेल्याने ठरवलं की याला डीव्हीडीच्या जमान्यातलं चित्र पुरे. एचडीचे पैसे वाया, किंवा मग वाया जाऊ नयेत म्हणून वर आणखी पैसे. लक्षात घ्या, तेव्हा २०१५ चे नियम कागदावर जिवंत होते, पण ते काढायची प्रक्रिया मे महिन्यातच सुरू झाली होती, त्यामुळे भीती कुणाची.

बरं, निदान सगळ्यांना सारखं हळू करत असतील? तेही नाही. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीच्या डेव्हिड चॉफ्नेस यांच्या टीमने वेही नावाचं अॅप काढलं, ते एकच व्हिडिओ ट्रॅफिक दोनदा पाठवतं, एकदा उघड आणि एकदा ओळख लपवून, आणि वेगात फरक पडतो का बघतं. २०१९ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केलं त्यात एटी अँड टी वर नेटफ्लिक्स ७० टक्के चाचण्यांत आणि यूट्यूब ७४ टक्के चाचण्यांत हळू केलं जात होतं, अॅमेझॉन प्राइम व्हिडिओ अजिबात नाही. टी-मोबाइलवर उलट, प्राइम व्हिडिओ साधारण ५१ टक्के वेळा हळू, आणि व्हिमिओ या व्हिडिओ साइटला जवळपास हातच लावलेला नाही. आणि गर्दीची वेळ असो की पहाटेचे तीन, फरक नाही, म्हणजे नेटवर्कवर ताण होता ही सबब लागू पडत नाही. यामागे कुणाचा कट असेलच असं नाही, व्हिडिओ ओळखायची यंत्रणा अर्धवट असेल. पण कल्पना करा की एखादा माणूस दोन सबस्क्रिप्शनपैकी एक बंद करायला बसलाय. त्याला नेटफ्लिक्स धुरकट दिसतं, प्राइम चकाचक. तो कोणती बंद करेल? निवड त्याने केली असं त्याला वाटतं.

लहान सेवांचं तर विचारूच नका. नेटफ्लिक्सने जगभरातल्या नेट कंपन्यांच्या आवारात स्वतःचे सर्व्हर फुकट बसवून दिलेत, गूगलने तेच केलंय. मराठी नाटकं किंवा शास्त्रीय गाण्याच्या मैफिली परदेशातल्या लोकांना दाखवणारं एखादं दहा माणसांचं अॅप हे करू शकत नाही, ते भाड्याच्या सर्व्हरवर चालतं. पुढे जायला पैसे मोजावे लागतील अशी व्यवस्था आली तर मोठे मोजतील, वर्गणी वाढवतील, लोक कुरकुरत भरतील. लहान मोजू शकणार नाही, त्याचा व्हिडिओ अडकेल, आणि न्यू जर्सीतली काकू म्हणेल, या मराठी अॅपवाल्यांना साधं अॅप पण नीट बनवता येत नाही.

आता दुसरी बाजू पण मांडायला पाहिजे. डिसेंबर २०१७ नंतर आभाळ कोसळेल असं सांगणारे खूप होते, आणि ते कोसळलं नाही. नेटचा सरासरी वेग वाढतच गेला. याची कारणं बरीच आहेत: कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी आपापले कायदे केले आणि कोर्टात ते टिकले, कंपन्यांना माहीत होतं की सरकार बदललं की नियम परत येणार त्यामुळे त्यांनी फार उघड काही केलं नाही, आणि नेटफ्लिक्स-गूगलसारखे आता एवढे मोठे झालेत की त्यांना अडवणं सोपं राहिलं नाही. टेलिकॉमवाल्यांचा युक्तिवाद पण अगदीच टाकाऊ नाही. तारा आम्ही टाकायच्या, टॉवर आम्ही उभारायचे, स्पेक्ट्रमचे हजारो कोटी आम्ही भरायचे आणि हे ओटीटीवाले आयत्या बिळावर नागोबा. फक्त यात एक गोष्ट ते सोयीस्कर विसरतात की त्या बिळाचं भाडं आपण, गिऱ्हाईक, दर महिन्याला भरतोच आहोत. ते कमी पडत असेल तर उघडपणे वाढवा, बिलावर छापा, मग आम्ही ठरवू परवडतं का. मला तरी उघड महागाई चोरट्या महागाईपेक्षा बरी वाटते.

आपल्याकडे हे नियम आहेत, आणि ते कसे आले हे विसरायला नको. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने नेटवरून केलेल्या कॉलसाठी वेगळे पैसे घ्यायचं जाहीर केलं आणि बोंब झाल्यावर काही दिवसांत मागे घेतलं. एप्रिल २०१५ मध्ये एअरटेल झीरो आलं, म्हणजे अॅपवाल्याने एअरटेलला पैसे दिले की ते अॅप वापरताना गिऱ्हाइकाचा डेटा कापला जाणार नाही, फ्लिपकार्ट त्यात जाणार होतं, लोकांनी अॅपला एकेक स्टार द्यायला सुरुवात केल्यावर बाहेर पडलं. ट्रायकडे, म्हणजे आपल्या टेलिकॉम नियामकाकडे, नेट न्यूट्रॅलिटीच्या बाजूने दहा लाखांच्या वर ईमेल गेले. मग फेसबुकचं फ्री बेसिक्स, म्हणजे मोजक्याच साइट फुकट. ते रिलायन्स कम्युनिकेशन्सवर ज्या मोजक्या राज्यांत आधी सुरू झालं त्यात महाराष्ट्र होता, आणि डिसेंबर २०१५ मध्ये झुकरबर्गने वर्तमानपत्रात लेख लिहून महाराष्ट्रातल्याच एका शेतकऱ्याचं उदाहरण दिलं, की याला फुकट हवामान आणि बाजारभाव कळतात. पण कुठल्या साइट फुकट दिसणार ते फेसबुकच्या अटींवर ठरणार होतं. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने साइट बघून डेटाचा वेगळा भाव लावायलाच बंदी घातली, मोडलं तर दिवसाला ५०,००० रुपये, कमाल ५० लाख. टपरीवर मिळणारे ते व्हॉट्सअॅप पॅक, फेसबुक पॅक आठवतात? ते त्यानंतर गेले. २०१८ मध्ये अडवणे, हळू करणे यावरची बंदी कंपन्यांच्या लायसन्समध्येच घातली गेली. आणि मजा अशी की त्या फ्री बेसिक्सच्या बंदीनंतर सात महिन्यांत जिओ आलं आणि अख्खं इंटरनेटच जवळपास फुकटात गेलं, म्हणजे स्पर्धेने ते केलं जे फुकटच्या तुकड्याने करायचं होतं.

पण आता ती स्पर्धा राहिलीय का? मुख्य खेळाडू दोन, तिसऱ्याची तब्येत तोळामासा. रिचार्जवर जिओहॉटस्टार नाहीतर अमुक तमुक ओटीटी फुकट मिळतं, ते नियमात बसतं, कारण वर्गणी फुकट असली तरी बघताना डेटा सारखाच कापला जातो, १ जीबी म्हणजे १ जीबी, मग यूट्यूब बघा नाहीतर दुसरं काही. ही एक ओळ महत्त्वाची आहे. ती ओलांडली, म्हणजे "आमचं बघा, डेटा जाणार नाही" असं सुरू झालं, की समजा मेव्हण्याचं दुकान उघडलं. दुसरीकडे सीओएआय, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांची संघटना, गेली काही वर्षं मागणी करतेय की जास्त ट्रॅफिकवाल्या ओटीटींनी आम्हाला वाटा द्यावा, नाव गोंडस आहे, फेअर शेअर. हे कोरियाच्या मॉडेलचंच भावंड. उद्या कधी ही बातमी आली की "बड्या विदेशी कंपन्यांना दणका" असं हेडिंग असेल आणि आपल्याला बरं वाटेल, तेव्हा ट्विच आठवा.

अमेरिकेत असाल तर काही गोष्टी आज तपासता येतात. २०२४ पासून तिथल्या नेट कंपन्यांना प्लॅन विकताना खाण्याच्या पाकिटावर असतो तसा माहितीचा तक्ता दाखवावा लागतो, त्यात डेटाची मर्यादा आणि वरचे चार्ज असतात, मोबाइल घेत असाल तर प्लॅनच्या बारीक अक्षरात व्हिडिओ किती पी वर मिळणार ते बघा, अनलिमिटेड हा शब्द बघून थांबू नका. एखादंच अॅप अडकत असेल तर फास्ट डॉट कॉम उघडा, ती नेटफ्लिक्सची स्वतःची वेगाची चाचणी आहे आणि त्यांच्याच सर्व्हरवरून वेग मोजते. मग दुसऱ्या कुठल्याही साइटवर वेग मोजा. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक, आणि तो रोज संध्याकाळी येत असेल, तर अॅपची सबस्क्रिप्शन बंद करायच्या आधी नेटवाल्याला फोन लावा. वेही भारतात पण चालतं, चाचणीला डेटा थोडा जातो, वायफायवर नको, मोबाइल नेटवरच करा.